एका मापाचं गाव

मत गुप्त असतं असं फक्त सरकारला वाटतं. आमच्या गावात मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात, कागदावर शिक्का मारायला लावतात, घडी घालून कागद पेटीत टाकायला लावतात, सगळं अगदी रीतसर. पण कुठल्या घरातून कुठल्या चिन्हावर शिक्का पडणार, हे आधीच ठरलेलं असायचं. ते ठरवणारा माणूस माझ्या गिरणीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसायचा.

त्यांना सगळे टेपनाना म्हणतात. टेलरच्या गळ्यात टेप असणारच, त्यात विशेष काही नाही. पण नानांच्या गळ्यातली टेप जेवताना, लग्नात, मयतीला, कधीच उतरत नसे. एकदा कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "नाना, झोपताना तरी काढता का?" तेव्हा आतून त्यांची बायको म्हणाली, "काढतात हो. उशीला गुंडाळतात." तिला सगळं गाव काकू म्हणतं. काकू बोलतात कमी, कारण पडद्याआड बायकांची मापं घेण्याचं आणि काजं-बटणांचं काम त्यांच्याकडे, आणि त्यांच्या तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असतात.

मी जे सांगतोय त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे, ऐकलेलं कमी. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की शेजारी तोफ डागली तरी मला कळायचं नाही. पण माझी खिडकी नानांच्या ओट्यासमोरच उघडते, आणि दळण चालू असताना माणसाला बघण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो.

गाव लहान. मतं सगळी मिळून दोनशेच्या आतबाहेर. पूर्वी त्यातली निम्मी झाडाला पडायची, निम्मी छत्रीला. झाड आणि छत्री ही दोन पक्षांची चिन्हं. पक्षांची खरी नावं काय आहेत हे गावात निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. निवडणूक आली की सख्खे भाऊ एकमेकांशी बोलणं सोडायचे, आणि निवडून कुणीही आलं तरी ओढ्यावर पूल काही व्हायचा नाही. बस फाट्यावरच थांबायची आणि लोक डोक्यावर सामान घेऊन चिखल तुडवत यायचे.

नाना तेव्हा ऐन उमेदीत होते. झाडवाल्यांच्या पुढाऱ्यानं त्यांना कोटाचं माप घ्यायला शहरात बोलावलं होतं. पुढारी हात पसरून उभा होता आणि नाना बाहीचं माप घेत होते. ती संधी साधून त्यांनी पुलाचा विषय काढला. पुढारी हसून म्हणाला, "तुमच्या गावाची एक बाही आखूड, एक लांब. असला कोट कोण अंगात घालणार?"

दुसरा एखादा असता तर गप्प बसला असता. नानांच्या ते जिव्हारी लागलं. परत आले ते गाव एका मापाचं करायचं, हा हट्ट घेऊनच. गाव करी ते राव न करी, हे वाक्य त्या काळात त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की पोरं खेळतानाही तेच म्हणायची. नानांनी नियम घालून दिला. निवडणुकीआधी शाळेच्या पटांगणात बैठक बसेल. तिथे मनसोक्त भांडा, एकमेकांची उणीदुणी काढा, पण उठायच्या आधी एकच चिन्ह ठरवा. एकदा ठरलं की ठरलं, मग आत पुठ्ठ्याआड जाऊन कुणी वेगळा शहाणपणा करायचा नाही.

पहिल्याच खेपेला सगळीच्या सगळी मतं झाडाला पडली. आमची पेटी वेगळी मोजतात, त्यामुळे आकडा लपत नाही. पुढच्याच उन्हाळ्यात पूल झाला. तो पूल आधीच मंजूर होता असं नंतर कुणीतरी बोललं, पण त्याला गावानं वेड्यात काढलं. मग बस आत आली, पाण्याची टाकी आली, आणि नानांचा शब्द दगडावरची रेघ झाला. छत्रीवाले आमच्या गावात प्रचाराला यायचेच बंद झाले. आले तरी चहा पिऊन जायचे.

सगळे आपल्या मापात आहेत ना, हे तपासायची नानांची एक खास पद्धत होती. निवडणूक जवळ आली की ते शर्टांची मापं घ्यायला सुरुवात करायचे. गरज असो नसो, "ये रे, बघू जरा, पोट सुटलंय का" म्हणून ओट्यावर ओढायचे. छातीभोवती टेप घातली की सहज विचारायचे, "काय मग, झाडच ना?" त्यांचं म्हणणं असं की टेपेत अडकलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. मनात काही दुसरं असेल तर तो श्वास रोखतो, आणि ते बोटांना कळतं. ज्यानं श्वास रोखला त्याच्या घरी ते संध्याकाळी जाऊन बसायचे. माझंही माप त्यांनी असंच कितीदा घेतलं. मी पोट आत घेण्यासाठी श्वास रोखायचो आणि संध्याकाळी नाना दारात हजर व्हायचे.

बायकांना त्यांनी कधी विचारलं नाही. "बायकांचं मत घराबरोबर," एवढं म्हणून ते विषय संपवायचे. पडद्याआड काकूंच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे त्यावर उत्तर आल्याचं मला आठवत नाही.

अशी वर्षं गेली. नाना म्हातारे झाले, पण टेलरला म्हातारं होणं परवडत नाही, म्हणून ते कबूल करत नसत. मी समोरून बघायचो. सकाळी ओटा झाडून झाला की काकू उजेडात बसून ओळीनं सुया ओवायच्या आणि दोऱ्यासकट उशीत टोचून ठेवायच्या. दिवसभर नाना त्यातली एकेक उपसायचे. मशीनच्या सुईत दोरा घालायचा झाला तर ते "अगं, तेलाची बाटली कुठंय?" म्हणून काकूंना बोलवायचे आणि स्वतः उठून पाणी प्यायला जायचे. परत येईपर्यंत दोरा घातलेला असायचा. यावर दोघांत कधी एक शब्द झाला नसावा. कुणी चष्म्याचं नाव काढलं तर नाकाला मिरच्या झोंबायच्या. "माझ्या डोळ्यांना काय झालंय? हल्ली कापडच भिकार येतं," असं म्हणायचे.

आणि मग ती निवडणूक आली. बैठक झाली, झाड ठरलं, मापं झाली. मतदानाच्या दिवशी नाना नेहमीसारखे पहाटे उठून रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. पहिला शिक्का त्यांचा, हा त्यांचा मान होता. चार दिवसांनी बसच्या कंडक्टरनं शहरातून आकडा आणला. सगळी मतं झाडाला होती. छत्रीला एक.

एक म्हणजे एकच! दुसऱ्या कुठल्या गावानं या गोष्टीवर कणभरही विचार केला नसता. आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं. नानांनी दोन दिवस मशीनवरचं झाकण काढलं नाही. तिसऱ्या दिवशी काढलं ते मापं घ्यायलाच. एकेकाला ओट्यावर बोलावून, छातीला टेप लावून, तोंडासमोर तोंड आणून विचारायचे, "तू होतास का?" त्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी श्वास रोखला, कारण नानांचा चेहराच तसा होता. त्यामुळे त्या विद्येचा काही उपयोग झाला नाही.

चार जाणती माणसं पुढाऱ्याची माफी मागायला शहरात गेली, त्यांच्यात नानाही होते. पुढाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठलं गाव म्हणालात?" ही गोष्ट परत येऊन त्यांनी कुणाला सांगितली नाही. मला ती बसच्या ड्रायव्हरकडून कळली.

पुरुषांतून कुणी सापडेना, तेव्हा संशय चहाच्या टपरीकडे वळला. टपरी पुलाच्या तोंडाशी आहे आणि ती नानांच्या पुतण्याची बायको चालवते. पुतण्या लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून एखादा दिवस घरी असतो. तिला सगळे वहिनी म्हणतात, म्हातारेसुद्धा. माहेर ओढ्यापलीकडच्या गावातलं, आणि ते गाव पहिल्यापासून छत्रीचं. स्थळ नानांनीच आणलं होतं. "राजकारण वेगळं, सोयरीक वेगळी," असं तेव्हा म्हणाले होते.

वहिनीची जीभ तिखट. निवडणुकीआधी टपरीवर कुणाशी तरी बोलताना ती म्हणाली होती, "चिन्ह म्हणून छत्री बरी बाई, पावसात उपयोगी तरी पडते." सगळे हसले होते, मीही. आता त्याच हसण्याचा पुरावा झाला. निकालानंतर बसलेल्या बैठकीत कुणीतरी ते वाक्य काढलं आणि सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. घरचं माणूस म्हणून नाना पांघरूण घालतात की काय, हे गावाला बघायचं होतं. ते नानांनाही कळलं होतं, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच झाला. आपण किती निःपक्ष आहोत हे दाखवण्याच्या भरात माणूस भलताच अन्याय करतो.

नाना उभे राहिले आणि म्हणाले, "मत तिचंच आहे. माझ्या घरातलं आहे म्हणून मी झाकणार नाही."

वहिनी मागे बायकांत उभी होती. ती म्हणाली, "काका, मी झाडालाच दिलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून दिलंय."

"सूनबाई, झालं ते झालं. खोटं नको बोलूस."

वाळीत टाका असं कुणी म्हणालं नाही, आमच्याकडे तसं बोलून दाखवायची पद्धत नाही. फक्त लोकांना अचानक घरचा चहा आवडायला लागला. बसमधून उतरलेली माणसं टपरीच्या बाकड्यांवरून नजर फिरवून पुढे जायची. मीही किटलीतून चहा आणायला लागलो. नानांचा मला तेव्हा राग आला होता, आणि आजही तो पुरता गेला आहे असं म्हणवत नाही. पण राग आला म्हणून मी टपरीवर जाऊन बसलो, असंही झालं नाही.

पावसाळा गेला, थंडी गेली. टपरीवर दूध कमी यायला लागलं. मग एक दिवस वहिनी नानांच्या ओट्यावर आली. सकाळची वेळ होती, पट्टा अजून चढवलेला नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिनं शिलाईला दिलेलं कापड परत मागितलं. काकूंनी विचारलं, "का गं, शिवायचं नाही?"

"माहेरी शिवून घेईन. सोमवारी टेम्पो सांगितलाय. बाकडी आणि शेगडी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला दिली. हे आले की तिकडेच येतील. दुसरं काय करणार? इथे चहा करायचा आणि आपणच प्यायचा, असं किती दिवस चालणार?"

नानांनी मान वर केली नाही. मशीन तसंच चालवत राहिले. काकू तिच्यामागे ओट्याच्या पायऱ्या उतरून गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून दोन पावलं चालल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या होत्या. नेमकं तेव्हाच माझ्याकडे दळण आलं आणि मला गिरणी सुरू करावी लागली.

त्यामुळे पुढचं मी फक्त पाहिलं. दुकानाच्या आतल्या भिंतीवर मतपत्रिकेचा नमुना चिकटवलेला असायचा, घरोघरी दाखवण्यासाठी आणलेला. तो निवडणुकीनंतरही तसाच राहिला होता. काकू भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी म्हणाल्या. नानांनी हात झटकला. काकू पुन्हा तेच म्हणाल्या. नाना वैतागून उठले, हाताएवढं अंतर ठेवून भिंतीसमोर उभे राहिले, आणि वर्गात फळ्यावर उत्तर दाखवणाऱ्या मुलाच्या तोऱ्यात कागदावर बोट ठेवलं. काकूंनी त्यांचं बोट धरलं आणि एक घर खाली सरकवलं.

नानांनी कागद भिंतीवरून सोडवला, दारात उजेडात आणला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, तिरका केला. झाड म्हणजे खाली एक दांडा आणि वर गोल. छत्रीही खाली दांडा आणि वर गोल. मी खिडकीत उभा राहून सगळं बघत होतो आणि मला कळायला वेळ लागला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं की कधीकाळी नानांची खोड मोडली तर मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नाना पायरीवर खाली बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवताना पाहिलं.

रविवारी त्यांनी बैठक बोलावली. निवडणूक नाही, काही नाही, त्यामुळे लोक कुतूहलानं आले, आणि रविवार म्हणून बरे कपडे घालून आले. वहिनी येणार नव्हती, तिला काकू हाताला धरून घेऊन आल्या.

नाना म्हणाले, "छत्रीचं ते मत माझं होतं. मला दिसत नाही. मी झाड समजून छत्रीवर शिक्का मारला."

मग पुलाजवळचा किराणा दुकानदार हसत म्हणाला, "नाना, मन मोठं आहे तुमचं. सून चाललीय म्हणून तुम्ही अंगावर घेताय. समजतं आम्हाला."

"अरे, खरंच सांगतोय!"

"बरं बरं, तसं समजू. जाऊ दे, तिला राहायचं तर राहू दे, आम्ही कुठं हाकलतोय?"

माना डोलल्या. हे मात्र नानांनी गृहीत धरलं नव्हतं. खोटा आरोप गावानं एका वाक्यात मानला होता, आणि खरा कबुलीजबाब मानायला कुणी तयार नव्हतं. वहिनी पाय हलवत उभी होती, बहुधा घरी जाऊन सामान बांधायचं तिच्या डोक्यात होतं. नाना गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. त्यांना आमचे चेहरे नीट दिसत नव्हते हे मला तेव्हा उमगलं. मग त्यांचा हात समोर बसलेल्या दुकानदाराच्या छातीवर गेला आणि खिशापाशी थांबला.

"हा शर्ट मी शिवलाय ना?"

"तुम्हीच. दुसरं कोण शिवणार?"

"खिसा चाचपून बघ. सरळ आहे का?"

दुकानदारानं खाली पाहिलं आणि खिशावर हात झाकला.

"सगळ्यांनीच बघा," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "गेल्या दोन वर्षांत मी शिवलेलं अंगावर असेल ते नीट बघा. शिवण बघा, दोऱ्याचा रंग बघा."

अख्खी बैठक आपापल्या कपड्यांकडे बघायला लागली. पांढऱ्या शर्टावर तपकिरी दोरा. एक बाही आखूड, दुसरी लांब. एकाच्या पॅन्टचे खिसे असे की एक पुढे, एक जवळजवळ मागे. माझ्या शर्टाचा खिसा इतका तिरका होता की मी त्यात पेन ठेवायचं केव्हाच सोडलं होतं. यातलं काहीही कुणाला नवीन नव्हतं. प्रत्येकाला आपापलं माहीत होतं. प्रत्येकजण घरी जाऊन कुरकुरला होता आणि नानांसमोर मूग गिळून बसला होता. फक्त सगळ्यांचं एकदम बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"सांगितलं का नाही रे कुणी मला?" नानांनी विचारलं.

जो तो आपल्या बाहीशी चाळा करायला लागला. शेवटी शाळेचा शिपाई म्हणाला, "आम्हाला वाटलं, नवीन फॅशन आहे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात नानाही नाइलाजानं सामील झाले. नंतर ते बायकांच्या बाजूला वळले. तिकडे नेमकी वहिनी कुठे उभी आहे हे त्यांना कळत नव्हतं, तेव्हा काकूंनी त्यांचा खांदा धरून त्यांना थोडं फिरवलं. नाना म्हणाले, "सूनबाई, माझं चुकलं. तू जाऊ नकोस."

वहिनी मात्र हसली नव्हती. ती म्हणाली, "काका, मागच्या वेळी मी खरंच झाडाला दिलं होतं. पुढच्या वेळी छत्रीला देणार आहे. शिक्षा भोगून झालीय माझी, आता गुन्हा करायचा बाकी आहे."

एवढं बोलून ती निघून गेली. सोमवारी टेम्पो आला तो रिकामाच परत गेला. हॉटेलवाल्याकडून बाकडी परत आणायला दुकानदार स्वतः गेला. पहिल्या दिवशी टपरीवर इतकी गर्दी झाली की दूध दोनदा मागवावं लागलं. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला, पण पूर्वीसारखी कुणाची चेष्टा केली नाही. तिला पुन्हा बोलती व्हायला पुढचा पावसाळा उजाडला.

नानांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू शहरात जाऊन काढून आणले. पट्टी सुटल्यावर ते ओट्यावर येऊन उभे राहिले आणि समोर बघून मला म्हणाले, "अरे, तुझे केस पांढरे झाले की!" मग दुकानात शिरून त्यांनी हँगरला लटकलेले कपडे एकेक करून बघितले, आणि दिवसभर बसून ते सगळे उसवले. पुढे महिनाभर लोक जुने शर्ट घेऊन यायचे आणि नाना फुकट खिसे सरळ करून द्यायचे. मी माझा शर्ट दिला नाही. का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पुढची निवडणूक आली. बैठक झाली, भांडणं झाली, झाड ठरलं. या खेपेला नाना कुणाची मापं घ्यायला गेले नाहीत. मतदानाला रांगेत सगळ्यांच्या पुढेही उभे राहिले नाहीत, दुपारी सावकाश जाऊन आले. चार दिवसांनी कंडक्टरनं आकडा आणला. छत्रीला दोन.

संध्याकाळी नानांच्या ओट्यावर माणसं जमली. मी पट्टा उतरवला आणि पलीकडे गेलो, कारण हे मला नुसतं बघायचं नव्हतं. दुकानदारानं तोंड उघडलं, "नाना, एक होतं त्याची दोन झाली." आणि सगळ्यांच्या माना हळूहळू पुलाकडे, टपरीकडे वळायला लागल्या. तिनं भर बैठकीत सांगितलं होतं, ते कुणी विसरलेलं नव्हतं. टपरीवर वहिनी भांडी विसळत होती. तिचं इकडे लक्ष नव्हतं, किंवा तसं ती दाखवत होती. आता एकानं तिचं नाव घेतलं असतं तर पुन्हा घरोघरी चहा उकळायला लागला असता.

"कुणाकडे बघताय?" नाना म्हणाले. "एक माझं आहे."

"तुमचं? डोळे तर केलेत ना?"

"केलेत. पण नीट नाही जमलं त्या डॉक्टरला. झाड बघायला गेलो की छत्रीच दिसते. काय करू?"

दुकानदारानं नानांच्या हातातल्या शर्टाकडे पाहिलं. कॉलर बसवलेली होती, टाका टाक्याला लागून होता. "बरं, आणि दुसरं?"

नानांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तेही माझंच. मला हल्ली दोन-दोन दिसतं."

क्षणभर कुणाला कळेना की हसायचं की नाही. मग शाळेच्या शिपायाला आवरेना, आणि त्याच्या मागोमाग ओट्यावर हशा उसळला. एक माणूस दोनदा शिक्का मारू शकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण गेल्या खेपेचे तिरके खिसेही प्रत्येकाच्या लक्षात होते, आणि ते पुन्हा शिवून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. दुकानदार म्हणाला, "चला, चहा घेऊ." सगळे उठून टपरीकडे गेले.

त्यातलं एक वहिनीचं, हे उघड होतं. दुसरं कुणाचं, ते मला पुढे काकूंनीच सांगितलं, दळण न्यायला आल्या तेव्हा. पट्टा नुकता थांबला होता. "दुसरं माझं," म्हणाल्या. मी विचारलं, "नानांना माहीत आहे?" तर म्हणाल्या, "मी मत द्यायला जाण्याआधीच सांगितलं होतं. म्हणाले, तुझं मत तू बघ." आणि पिठात बोटं घालून म्हणाल्या, "आज जरा जाडसर आलंय हं."

नानांना आता चांगलं दिसतं. दुकानात कुणी नसलं की ते पहिल्या झटक्यात सुई ओवतात, मी माझ्या खिडकीतून रोज बघतो. पण ओट्यावर गावातलं कुणीही आलं की ते दोरा परत काढून घेतात, सुई काकूंकडे देतात, आणि टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "अगं, जरा ओवून दे गं. मला काही दिसत नाही."